झुकती तुती कोकणात: ओळख, लागवड आणि छाटणी

झुकत्या तुतीच्या एका झाडात दोन झाडं असतात. खाली साध्या तुतीचं सरळ खोड आणि त्याच्या माथ्यावर बांधलेलं, लोंबत्या फांद्यांच्या तुतीचं कलम. दोघांना जोडणारी गाठ खोडावर जन्मभर दिसते. झाड ओळखायचं असो, रोप विकत घ्यायचं असो, छाटणी करायची असो की बिघडलेलं झाड सावरायचं असो, पहिली नजर त्या गाठीवर टाकायची. कोकणात हे समजावायला फार शब्द लागू नयेत. हापूसच्या कलमाखालून रायवळाचा धुमारा फुटला की तो काढायचा, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. इथेही नियम तोच. फक्त कलम घोट्यापाशी नसून डोक्यापाशी बांधलेलं असतं.

रोपवाटिकेत ‘वीपिंग मलबेरी’ म्हणून मिळणारं हे झाड पांढऱ्या तुतीचा, म्हणजे मोरस आल्बाचा, एक प्रकार आहे. पांढरी तुती मूळची चीनची, रेशीमकिड्यांच्या पाल्यासाठी जगभर पसरलेली. तिचा ‘पेंड्युला’ हा लोंबता प्रकार बागांमध्ये सर्वांत जास्त दिसतो. त्यातला ‘टीस’ नावाने ओळखला जाणारा वाण १८८३ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, कार्थेज गावी जॉन टीस यांच्याकडे निपजला. ‘पेंड्युला’ फळं धरतो. ‘चापरल’ नावाचा दुसरा लोंबता वाण नर आहे, त्याला फळ येत नाही. दोन्ही झाडं साधारण दोन ते तीन मीटर उंच राहतात आणि तेवढीच किंवा थोडी जास्त पसरतात.

हे वाण थंड मुलखात वाढवले गेले, म्हणून त्यांच्याबद्दलची बहुतेक माहिती बर्फ, गोठण आणि हिवाळ्याच्या भाषेत सापडते. ती कोकणात जशीच्या तशी लावू नये. आपल्याकडे या झाडाला थंडी मारत नाही. त्याला त्रास होतो तो चार महिन्यांत कोसळणाऱ्या अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाचा, मुळाशी साचणाऱ्या पाण्याचा आणि खाऱ्या वाऱ्याचा. पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिलं आहे.

झाड ओळखायचं कसं

आधी तुती आहे की नाही ते ठरवा, मग झुकती आहे की नाही ते पाहा.

पान तोडा. देठातून पांढरा चीक आला पाहिजे. तुती ही फणसाच्या कुळातली; वड, पिंपळ, उंबर, अंजीर हे सगळे तिचे भाऊबंद, आणि चीक हा त्यांचा घराण्याचा गुण. तुतीचा चीक फणसाएवढा चिकट नसतो, पण कोवळ्या देठातून लगेच दिसतो. पान हातात असतानाच त्याची कड बघा: बारीक दात असतात. देठाजवळून तीन ठळक शिरा निघतात. पांढऱ्या तुतीचं पान वरून गुळगुळीत आणि चमकदार असतं.

त्यानंतरची खूण सर्वांत भरवशाची. एकाच झाडावर, कधी एकाच फांदीवर, वेगवेगळ्या आकाराची पानं मिळतात. एक अखंड, बदामी आकाराचं. शेजारचं एका बाजूला खाच पडलेलं. त्याच्या पुढचं तीन-पाच भागांत खोल चिरलेलं. नवख्या माणसाला वाटतं की दोन झाडं एकमेकांत शिरली आहेत. तसं काही नसतं, तुतीची पानं अशीच असतात. रोप पिशवीतून काढताना मुळं पिवळी-नारिंगी दिसली तर उरलीसुरली शंकाही मिटते.

आता झुकण्याकडे वळू. साध्या तुतीच्या लांब फांद्याही फळांच्या किंवा पावसाच्या भाराने वाकतात, आणि त्या बघून कित्येक जण झाड झुकत्या जातीचं समजतात. फरक शेंड्यात असतो. साध्या तुतीची फांदी वाकली तरी तिचा कोवळा शेंडा पुन्हा आभाळाकडे वळतो. झुकत्या तुतीचा कोंब थोडा बाहेर येतो, वाकतो आणि मग शेंडा खाली ठेवूनच वाढत राहतो, जमिनीला टेकेपर्यंत. शिवाय फांद्या सगळ्या एकाच उंचीवरून, गाठीपासून, सुटलेल्या असतात. त्या गाठीशी खोडाची जाडी आणि साल एकदम बदललेली दिसते.

गोंधळ करणारी झाडं आपल्याकडे चार-पाच आहेत. बंगल्यांच्या दारात लावतात तो वीपिंग फिग, म्हणजे फायकस बेंजामिना: त्यालाही चीक असतो, फांद्याही थोड्या लवतात, पण पानाची कड सपाट, टोक शेपटीसारखं लांब आणि झाड बारमाही हिरवं. कुंपणाला लावतात तो आसुपालव: पानं लांबट, लहरी कडांची, चीक अजिबात नाही. अंजिराची पानंही चिरलेली असतात, मात्र जाड आणि हाताला खरखरीत लागतात. कागदी तुतीचं पान मखमलीसारखं लवदार असतं. ते झाड चुकूनही आणू नका, मुळांपासून फुटत सगळं परडं व्यापतं. ‘उनर्यू’ नावाच्या तुतीच्या फांद्या नागमोडी वळतात, पण खाली लोंबत नाहीत.

रोप विकत घेताना

कोकणातल्या छोट्या रोपवाटिकांमध्ये हे झाड सहसा तयार नसतं, सांगून मागवावं लागतं. त्यामुळे दाखवतील ते घेण्याचा मोह होतो. तो आवरा आणि पुढच्या गोष्टी हाताने चाचपून बघा.

पहिली गोष्ट गाठीची उंची. झुकत्या तुतीचं खोड पुढे आपणहून उंच होत नाही, कारण वाढ सगळी खाली जाते. छत्री दरवर्षी थोडी फुगते आणि माथा काही इंचांनी वर सरकतो, इतकंच. म्हणून आज गाठ जिथे आहे, तीच झाडाची उंची समजा. गाठ तीन फुटांवर असेल तर दोन वर्षांत फांद्या चिखलात लोळतील. अंगणासाठी साडेपाच-सहा फुटांवर बांधलेलं कलम घ्या. कुंडीसाठी चार फूट चालेल.

दुसरी गोष्ट, फांद्यांवर दोरीचे वळ आहेत का? साध्या तुतीच्या फांद्या सुतळीने खाली ओढून ‘वीपिंग’ म्हणून विकण्याचे प्रकार होतात. अशा रोपाचे नवे शेंडे वर वळलेले असतात, आणि दोरी सुटली की आठवड्या-दोन आठवड्यांत त्याचं खरं रूप दिसतं.

तिसरी गोष्ट जोडाची पकड. गाठीपाशी प्लॅस्टिकची पट्टी सालीत रुतली असेल, किंवा जोड हलवल्यावर चीर दिसत असेल, तर ते रोप नको. फांद्या सगळ्या एका अंगाला गेलेल्या असतील तरीही नको. अर्धी छत्री पुरी करायला वर्षं जातात.

फळाचं काय, हेही आधीच विचारून घ्या. नर झाड घेतलं तर फळांचा राडा होत नाही, पण फुलोऱ्याच्या दिवसांत परागकण खूप उडतात. तुतीचे पुंकेसर ताणलेल्या अवस्थेतून क्षणार्धात सुटतात आणि परागकण हवेत फेकतात. वनस्पतींमधल्या सर्वांत वेगवान हालचालींत तिची गणना होते. घरात कुणाला दमा किंवा परागांची ॲलर्जी असेल तर नर झाड टाळा. फळ धरणारं एकटं झाडही फळतं, जोडीला दुसरं लागत नाही. मी स्वतः फळाचंच झाड सुचवीन. तुती लावायची आणि तिची फळं चाखायची नाहीत, हे मला पटत नाही.

जागा

दिवसातून किमान सहा तास ऊन हवं. नारळी-पोफळीच्या आगरात मधोमध लावलेली झुकती तुती विरळ होते, फांद्या पेन्सिलीएवढ्याही जाड होत नाहीत. आगराची कड, परड्याचा मोकळा कोपरा, गडग्याच्या आतली दहा फूट जागा, हे उत्तम.

समुद्राच्या अगदी तोंडावर लावू नका. पांढरी तुती थोडा खारेपणा सोसते, पण पश्चिमेचा थेट वारा कोवळी पानं करपवतो. पुळणीवर घर असेल तर घराच्या पूर्वेला, किंवा सुरूच्या रांगेच्या आडोशाला जागा शोधा. पुळणीच्या रेतीत निचरा छान होतो. फक्त शेणखत जास्त घालावं लागतं आणि पाणी जवळजवळ रोजचं होतं. उलट, भातखाचरालगतच्या सखल, पाणथळ जागेत हे झाड टिकणार नाही. तिथे लावायचंच असेल तर दीड-दोन फूट उंच वरंबा करून त्यावर लावा. छपराची पागोळी जिथे पडते ती जागाही वर्ज्य.

विहीर, पाण्याची टाकी, शौचखड्डा आणि घराचा पाया यांपासून दहा-बारा फूट दूर राहा. तुतीची मुळं पाण्याच्या मागावर लांब जातात.

आणखी एक गोष्ट आपल्याकडेच लागू पडते. फळं पिकतात शिमग्यापासून चैत्र-वैशाखापर्यंत, नेमकी अंगणात आमसुलं, पापड, कुरडया, फणसाची साठं वाळत पडलेली असतात तेव्हा. पिकलेल्या तुतीचा जांभळा डाग आणि ती खाऊन गेलेल्या पाखरांची शीट, दोन्ही वाळवणावर नको असतात. वाळवणाची जागा, कपड्यांची दोरी आणि गाडी उभी करायची जागा या तिघांपासून झाड लांब हवं.

खड्डा आणि लागवड

जांभ्यात खड्डा खणणं हे खरं कष्टाचं काम. ते एप्रिल-मेमध्ये उरकून घ्या. खोली दोन फूट पुरते, रुंदी मात्र तीन फूट ठेवा. कातळात पहारीने खणलेला अरुंद, खोल खड्डा पावसात हौद होतो आणि मुळं कुजतात. खड्डा भरल्यावर पाणी कुठून बाहेर पडेल ते आधी पाहा. उतार असेल तर खालच्या बाजूने कातळाला एक चर पाडून ठेवा. खात्री करायची असेल तर रिकाम्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता; दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी शिल्लक असेल तर जागा बदला किंवा चर खोल करा.

भरताना वरची चांगली माती निम्मी, कुजलेलं शेणखत दोन-तीन घमेली, चुलीची राख चार-पाच ओंजळी आणि अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळा. आपली जांभी माती आंबट असते, तुतीला ती फार आंबट आवडत नाही. राखेने थोडा तोल सांभाळला जातो. तळाशी पातेरा आणि गिरिपुष्पाचा पाला टाकला तर उत्तम. वाळवीची जागा असेल तर पाला चांगला कुजल्याखेरीज टाकू नका, आणि निंबोळी पेंड किलोभर मिसळा.

लावायचं कधी? आंब्याची कलमं आपण मृगाच्या पावसावर लावतो, तो नियम इथे मी पाळत नाही. उंच खोडाचं, वर जड डोक्याचं कलम आषाढाच्या वाऱ्यात हलत राहतं, नवी मुळं तुटतात, आणि सैल मातीत पाणी साचतं. श्रावणाची सर ओसरली की, गणपतीच्या आगेमागे, लावलेलं बरं. ओल असते, ऊन अधूनमधून मिळतं आणि मार्गशीर्षाच्या गारव्यापूर्वी मुळं धरतात. विहिरीला बारमाही पाणी असेल तर दिवाळीनंतरही चालेल.

पिशवी फाडताना मुळाचा गोळा फुटू देऊ नका. पिशवीत मातीची जी पातळी होती तीच जमिनीत ठेवा. खोलवर पुरू नका. माती पायाने दाबून घ्या आणि भरपूर पाणी द्या.

आधार लावल्याशिवाय लागवड पुरी झाली असं समजू नये. माणग्याच्या किंवा मेशीच्या दोन काठ्या, खोडाच्या दोन्ही अंगांना फूटभर अंतरावर, गाठीच्या थोड्या वरपर्यंत येतील अशा ठोका. जुन्या सुती कापडाच्या रुंद पट्ट्या काठी आणि खोड यांच्यात आठाच्या आकड्यात गुंडाळून बांधा. सुतळी किंवा तार नको, ती साल कापते. दोन ठिकाणी बांधायचं: एक खोडाच्या मध्यावर, एक गाठीच्या जरासं खाली. पट्ट्या दर सहा महिन्यांनी सैल करा. काठ्या तीन पावसाळे तरी राहू द्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली पिढ्यान्‌पिढ्यांची आगरं आडवी केली; पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. किनाऱ्यावर आधाराची काठी ही चैन समजू नका.

पाणी आणि खत

पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, दर वेळी पंधरा-वीस लिटर. पुढे आठवड्यातून एकदा. मोठं झाड पाण्याशिवायही तग धरतं, पण फळ धरलेलं असताना पाणी तोडलं तर फळं सुकून गळतात. आळ्यात नारळाची सोडणं पालथी घालून वर पातेरा पसरला की ओल टिकते. खोडाला चिकटून आच्छादन नको, चार बोटं जागा सोडा.

किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. असं पाणी मुळाशी थोडंफार चालतं, पण पानांवर कधीही मारू नका. पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वाळत चालल्या तर पाण्यात मीठ वाढलंय असं समजा, आणि गोडं पाणी मिळेल तेव्हा आळं भरून मीठ खाली धुऊन काढा. पावसाळ्यापूर्वी आळं मोडून खोडाला मातीची भर द्या, म्हणजे पाणी बाहेर वाहील. दिवाळीला पुन्हा आळं करा.

खत वर्षातून दोनदा पुरे: जानेवारीतल्या छाटणीनंतर दोन घमेली शेणखत किंवा गांडूळखत, आणि पाऊस ओसरल्यावर एक. युरियाचा मारा केलात तर फांद्या लांब, मऊ आणि किडीला सोप्या होतात.

छाटणी

इथे मी सविस्तर बोलणार आहे, कारण या झाडाचं रूप पूर्णपणे छाटणीवर आहे. हात न लावलेली झुकती तुती पाच-सहा वर्षांत गवताच्या उडवीसारखी दिसते: बाहेर हिरवा पडदा, आत वाळक्या काड्यांचा गुंता, आणि पावसाळ्यात त्या गुंत्यात बुरशीचं घर.

वर्षातली मुख्य छाटणी पौष-माघात, जानेवारीत. थंड देशांत झाड तेव्हा पूर्ण निष्पर्ण असतं. कोकणात पानगळ अर्धवट होते, काही पानं पिवळी पडून लटकत राहतात. ती हाताने ओरबाडून काढा. फांद्यांचा सांगाडा दिसला की काम सोपं होतं, शिवाय पानं काढून छाटलेली तुती लगेच नवे फुटवे सोडते आणि त्या फुटव्यांबरोबरच फुलोरा येतो.

क्रम असा ठेवा. आधी गाठीखालचं सगळं साफ करा. खोडावरून किंवा मुळाशी फुटलेला प्रत्येक धुमारा साध्या तुतीचा असतो, सरळ वर जातो आणि वरच्या कलमाचं अन्न ओढतो. कोवळा असताना अंगठ्याने मोडून काढा. कात्रीने कापला तर बुडातून दोन फुटतात. हे काम मात्र वर्षभर चालू ठेवायचं, जानेवारीची वाट पाहायची नाही. एकदा दुर्लक्ष झालं की दोन-तीन वर्षांत सरळ तुती वरचढ होते आणि लोंबती फांदी आत गुदमरते. ‘आमची वीपिंग मलबेरी अचानक सरळ वाढायला लागली’ असं कुणी सांगितलं तर नव्वद टक्के वेळा हेच घडलेलं असतं.

मग वाळकी, मोडकी, एकमेकींवर घासणारी लाकडं काढा. छत्रीच्या आत शिरून खोडाजवळ उभे राहा आणि वर बघा: आभाळाचे तुकडे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर आतल्या फांद्या बुडातून काढत जा.

आता खरी कला. उरलेल्या प्रत्येक फांदीची कमान जिथे वळते, त्या वळणाच्या थोडं पुढे, फांदीच्या वरच्या किंवा बाहेरच्या अंगावरचा डोळा शोधा आणि त्याच्या पुढे बोटभर अंतरावर तिरका काप द्या. त्या डोळ्यातून येणारा कोंब आधी बाहेर सरकतो आणि मग वाकतो, त्यामुळे छत्री दरवर्षी रुंद होत जाते. खालच्या अंगाच्या डोळ्यावर कापलंत तर कोंब सरळ खाली, खोडाला चिकटून येतो आणि झाड अरुंद होतं. एवढी एक गोष्ट हातात बसली की बाकी सगळं आपोआप जमतं.

पहिल्या दोन वर्षांत निर्दय व्हा. चारी दिशांना जाणाऱ्या चार-पाच दणकट फांद्या ठेवा, त्या गाठीपासून वीतभर-दीड वितीवर कापा, बाकीच्या काढा. झाड बोडकं दिसेल. शिमग्यापर्यंत ते पुन्हा भरतं.

दुसरी, हलकी छाटणी फळं संपल्यावर, मेच्या शेवटच्या आठवड्यापूर्वी. तिचं काम वेगळं आहे. भरलेला घेर वादळात वारा धरतो, म्हणून दर तीन फांद्यांतली एक काढून वाऱ्याला वाट करून द्यायची. आणि घेराची खालची कड जमिनीपासून दोन फूट वर उचलायची, म्हणजे पावसाचा उडणारा चिखल पानांवर बसणार नाही. पाऊस सुरू झाला की कात्री बंद. मोडलेली फांदी तेवढी काढा.

दोन इंचांपेक्षा जाड फांदी शक्यतो कापू नका. तुतीच्या मोठ्या जखमा नीट भरत नाहीत, चीक आणि रस वाहत राहतो, आणि कूज तिथूनच आत जाते. कापावीच लागली तर बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळे अर्ध्या अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून, प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करा. चिकाने हात खाजत असतील तर हातमोजे घाला.

झाड बुटकं वाटतंय? माथ्यावरची एक दणकट, कोवळी फांदी निवडा, वर उभ्या बांबूला बांधत दीड-दोन फूट वर न्या आणि लाकूड पक्कं होईपर्यंत, म्हणजे निदान वर्षभर, तशीच ठेवा. नंतर सोडलं की तिथून दुसरा मजला खाली उतरतो.

फळं

तुतीचं एक फळ म्हणजे अनेक छोट्या फुलांची मिळून झालेली बोंडी. ‘पेंड्युला’ची फळं लहान असतात, शहतूत म्हणून बाजारात मिळणाऱ्या बोटभर लांब फळांशी तुलना करू नका. पूर्ण काळी, देठाला हात लागताच सुटणारी तेवढीच काढा. कच्ची फळं खाल्ली तर पोट बिघडू शकतं. तोडलेली फळं दुसऱ्या दिवशी मऊ पडतात, तेव्हा सकाळी काढून दुपारपर्यंत सरबत किंवा मुरंबा करून टाका.

बुलबुल, कोकीळ, तांबट, आणि रात्री वटवाघळं, सगळ्यांना वाटा हवाच असतो. तो जाऊ द्यावा असं मला वाटतं. वानरांचा प्रश्न वेगळा. ती फळांबरोबर फांद्याही मोडतात. झुकत्या तुतीचा फायदा असा की अख्खं झाड एका मोठ्या मच्छरदाणीच्या कापडाखाली झाकता येतं. मासेमारीचं जुनं जाळं वापरू नका, त्यात पाखरं आणि साप अडकून मरतात.

कीड आणि रोग

शेंड्याची पानं आखडून, जाड होऊन गोळा झाली तर आत पिठ्या ढेकूण बसलेला असतो. रेशीम शेतकरी याला टुकरा म्हणतात. असे शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. फवारणीची गरज क्वचितच पडते. लेडीबर्ड भुंगेरे आणि त्यांच्या पांढऱ्या, झिपऱ्या अळ्या हा ढेकूण खातात. त्या अळ्याच कीड समजून मारू नका.

पावसाळ्यात पानांवर तपकिरी ठिपके, हिवाळ्यात पानांखाली पांढरी भुरी किंवा तांबेऱ्याची पूड दिसते. विरळणी नीट झाली असेल तर यातलं काहीच झाडाला मारत नाही. ठिपके दरवर्षी त्रास देत असतील तर सुपारीवर कोळेरोगासाठी आगरात मारतात तेच एक टक्का बोर्डो मिश्रण पावसाच्या तोंडावर, फळं संपल्यानंतर, एकदा मारा.

खरा शत्रू भिरूड. आंबा-फणसाचं खोड पोखरणारा हा भुंगेरा तुतीवर आणि अंजिरावरही येतो, आणि तुतीचं सडसडीत खोड त्याला फार दिवस पुरत नाही. खोडावर भोक, खाली लाकडाचा भुसा आणि ओघळलेला रस, ही लक्षणं. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत दर आठवड्याला खोड, विशेषतः गाठीच्या आसपास, नजरेखालून घाला. भोक सापडलं की टोकाला आकडा केलेली तार आत घालून अळी ओढून काढा, मग रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा कोंबून तोंड चिखलाने लिंपा. आठ दिवसांनी पुन्हा बघा. नवा भुसा दिसला तर तेच परत करा.

कुंडीत

गच्चीवर किंवा भाड्याच्या घरात अर्धा कापलेला २०० लिटरचा ड्रम पुरतो. तळाला बोटभर व्यासाची सात-आठ भोकं, वर जांभ्याच्या खड्या. दर दोन-तीन वर्षांनी जानेवारीत बाहेर काढून कडेची मुळं चार बोटं कापा आणि नवी माती भरा. वादळाची सूचना आली की ड्रम आडवा करून भिंतीला लावा.

स्वतः कलम बांधायचं असेल तर

झुकत्या तुतीची काडी जमिनीत सहज मुळं धरते, पण ते रोप वेलीसारखं सरपटतं. त्याला बांबूला बांधत वर नेता येतं, मात्र वेळ लागतो. त्यापेक्षा कलम सोपं, आणि कलमं बांधणारे हात कोकणात गावोगाव आहेत.

खालच्या खोडासाठी साधी तुती घ्या. घाटावरच्या रेशीम शेतकऱ्यांकडे व्ही-१ जातीच्या काड्या मिळतात. तीन-चार डोळ्यांची, पेन्सिलीपेक्षा थोडी जाड काडी पावसाच्या सुरुवातीला पिशवीत लावा. फुटल्यावर एकच कोंब ठेवा, तो काठीला बांधून सरळ वाढवा आणि बाजूचे फुटवे खुडत राहा. खोड अंगठ्याएवढं जाड आणि सहा फूट उंच झालं की ते तयार.

कलम माघात बांधा. झुकत्या झाडाच्या गेल्या वर्षीच्या, पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचा तीन डोळ्यांचा तुकडा, डोळे फुगलेले पण फुटलेले नाहीत असा, त्याच सकाळी कापून ओल्या फडक्यात गुंडाळा. खोडाचा माथा हव्या उंचीवर सपाट कापा. चीक वाहील, तो थांबेपर्यंत ओल्या कापडाने टिपत राहा, नाहीतर पाचर नीट बसत नाही. मग आंब्याला करतात तसंच पाचर कलम: खोडात दीड इंचाची उभी चीर, काडीला दोन्ही बाजूंनी तेवढाच उतार, निदान एका अंगाची साल सालीला भिडवून घट्ट पट्टी, आणि वरून लांबट प्लॅस्टिकची पिशवी. खोड जाड असेल तर दोन किंवा तीन काड्या समोरासमोर बसवा. छत्री पहिल्यापासून चौफेर होते आणि एखादी काडी मेली तरी कलम वाया जात नाही.

रोप सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत डोळे फुटले की पिशवीचं टोक आधी उघडा, पाच-सहा दिवसांनी पूर्ण काढा. जोडाची पट्टी मात्र पावसाळा सुरू होईपर्यंत ठेवा, मग उभी चिरून सोडवा. पहिला पावसाळा रोप पिशवीतच, छपराच्या आडोशाला काढू द्या, खालचे धुमारे खुडत राहा, आणि पुढच्या गणपतीच्या सुमारास जमिनीत लावा.